तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही

घाटंजी
६ जानेवारी २०२५

प्रिय अर्पिताताई,

"लेकरात काही कमी आहे हे लवकर समजलं, तर दुःख कमी होते का? का फक्त लवकर सुरू होते?" हा तुझा प्रश्न नंदाबाईंनी चिठ्ठीतून आणून दिला, तेव्हापासून तो घेऊन मी फिरते आहे. खरं सांगते, ताई, मला उत्तर येत नाही. प्रशिक्षणात पुष्कळ शिकवलं, हे कोणी शिकवलं नाही. येतं तेवढं लिहिते.

तुझी जुळी दोन महिने आधी आली. काचेच्या पेटीत राहिली. अशा बाळांच्या मेंदूला कधी कधी इजा झालेली असते आणि वरून काही दिसत नाही. पण डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली होती, तिथून तीन महिने झाले की निरोगी बाळ उताणं पडल्या पडल्या सारखं बारीक बारीक हलत असतं. मनगटं, घोटे, मान, सगळं. पाणी उकळायच्या आधी पातेल्यात थरथरतं ना, तसं. ती थरथर नसेल तर पुढे हातपाय आखडायचा धोका असतो. तो आत्ता कळला, तर मेंदू कोवळा असतानाच व्यायाम सुरू करता येतात. ओळखणाऱ्या डॉक्टर इकडे नाहीत, म्हणून आमची संस्था व्हिडिओ पुण्याला भैरवी मॅडमना पाठवते. त्या तिथून पाहतात.

एरवी मीच येऊन व्हिडिओ काढते. पण माझी सोबतीण रजेवर आहे आणि घाटंजीकडची सगळी गावं माझ्यावर पडली आहेत. तू शिकलेली आहेस, तुला जमेल. बाळ जागं हवं, पोट भरलेलं, रडत नसलेलं. अंगावर फक्त लंगोट. गोधडीवर उताणं ठेवायचं आणि पायांकडे उभं राहून वरून मोबाइल धरायचा. तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही. टाळी नाही, खुळखुळा नाही, "आलं गं माझं सोनं" नाही. फक्त बघायचं. दोघांचा वेगवेगळा काढ आणि अमरभाऊजींच्या मोबाइलवरून पाठव.

फोनवर तुझ्याकडची अख्खी ओसरी ऐकत असते, म्हणून तू म्हणालीस तसं कागदावरच लिहीत जाऊ. नंदाबाई तुमच्या गावच्या आशा आणि बैठकीला मला भेटतातच, त्या पोचवतील.

घाबरू नकोस. आपली पोरं पास होतीलच.

तुझी,
वैष्णवी


कळंब
१९ जानेवारी

वैष्णू,

तुह्यं पत्र भेटलं. मी बोलते तसंच लिहिते, मले पुस्तकातलं जमत नाही. तू आपल्या घराण्यात पहिली ग्रॅज्युएट, तू चुका काढशीन तर काढ.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दोघाईची लूट केली. सासूबाईनं काळी झबली शिवली, हलव्याचे दागिने घातले, अन् गल्लीतल्या पोट्ट्याईनं डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, चाकलेटं सांडली. सोनू भल्ली खूश. बोरं पाहून पोरगी हातपाय नाचवे. श्रावण दचके. एक बोर अंगावर पडलं का दोन्ही हात फाके, मंग मुठी गच्च. पाहुण्या बाया म्हणे, पोरगं किती गरीब आहे, रडत बी नाही. सासूबाई म्हणे, बापावर गेलं. अमर म्हणे, मी कवा गरीब होतो? सासूबाई म्हणे, लग्न झाल्यापासून. सगळे हासले. मीबी हासली.

व्हिडिओ पाठवले. पहिला श्रावणचा, कमरेले काळा करदोडा आहे, मॅडमले ओळखू येईन. दुसरा सोनूचा, तिले करदोडा नाही.

एक सांग. पास-नापास कागदावर लिहून देतात का? तो कागद कोणाकोणाले दिसते?

तुही ताई,
अर्पिता


घाटंजी
२९ जानेवारी

प्रिय ताई,

पेढे! कागदावर पाठवता येत नाहीत म्हणून आमच्या ऑफिसातच वाटले.

भैरवी मॅडमचं उत्तर आलं. दोघांचीही हालचाल उत्तम. त्यांनी लिहिलंय, "जुळ्यांच्या हालचालीत इतकं साम्य मी क्वचितच पाहिलं आहे." आणि ऐक, श्रावणचा व्हिडिओ इतका नीट आला आहे की नव्या आशांच्या प्रशिक्षणात तो नमुना म्हणून दाखवणार आहेत. तू काढलेला! मी आनंदानं रडले, ताई. बाबांना गावी, बोरी अरबला फोन केला तर म्हणाले, "चला, पोट्टीच्या शिक्षणाचा घरच्याईले पहिल्यांदा उपेग झाला." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

कागदाचं विचारलंस. तो आमच्याकडे आणि डॉक्टरांकडे असतो, गावात कोणाला दिसत नाही. आता तुमचं पुढचं बोलावणं दोघं वर्षाची झाल्यावर. तोवर निवांत राहा.

सासूबाईंना नमस्कार. भाऊजींना सांग, गरीब राहण्यातच शहाणपण आहे.

तुझी,
वैष्णवी


कळंब
२४ फेब्रुवारी

वैष्णू,

एक विचाराचं होतं. आमच्या शेजारणीचं लेकरू आहे, आपल्या पोराईएवढंच. नाव नाही सांगत, तिच्या घरी तमाशा होईन. त्याच्या मुठी उघडत नाही. अंगठा आतमंधी दाबून धरते. न्हाऊ घालताना पायाची कैची होते, लंगोट बदलवाले दोन्ही पाय जोर लावून फाकवा लागतात. मान धरत नाही. हासते मात्र मस्त.

तिनं काहीच दाखवलं नाही अजून. ती म्हणते, आता दाखवलं तर चालन का, का जानेवारीतच दाखवाले पाहिजे होतं? आता दाखवलं तर तुम्ही लोकं तिले विचारसान का, तवा काहून नाही दाखवलं?

सवडीनं लिहिजो. तिले घाई नाही.

अर्पिता


घाटंजी
५ मार्च

प्रिय ताई,

तिला घाई नसेल, मला आहे. आणि बाळाला तर आहेच. हे पत्र मिळताच तिला घेऊन नंदाबाईंकडे जा. मुठी, कैची, मान, ही सगळी लक्षणं धोक्याची आहेत. कोणी रागावणार नाही, पण तिला इतकं नक्की सांग: लपवण्यात जे दिवस जातात ते आपले नसतात, बाळाचे असतात.

तू दुसऱ्याच्या लेकरासाठी जीव टाकतेस हे पाहून बरं वाटलं. पण मला त्या बाईचा राग येतो, ताई. स्वतःच्या भीतीपायी लेकराचं नुकसान करणारी आई मला समजतच नाही.

आपली दोघं सुखरूप आहेत, म्हणून मी एवढं मोकळं लिहू शकते.

तुझी,
वैष्णवी


कळंब
२९ जून

वैष्णू,

चार महिने लिहिलं नाही. तू फोन केला तवा मी "बरं आहे, बरं आहे" म्हणून सोनूचं हुंकारणं ऐकवलं.

शेजारीण कोणी नाही.

तू लिहिलतं, अशी आई मले समजतच नाही. ते वाक्य मी रोज वाचत होती. मंग कागद चुलीत टाकला, तरी वाचता येत होतं.

आता सांगतेच. त्या दिवशी मी पहिले श्रावणचाच व्हिडिओ काढला होता. तू सांगतलं तसा. पोट भरलेलं, गोधडी, उताणा, कोणी बोलत नाही. तीन मिनिटं मी मोबाइलमंधी पाह्यलं. पातेल्यातलं पाणी हाललंच नाही, वैष्णू. मेणाचं असावं तसं लेकरू. बाजूले सोनू पडल्या पडल्या नाचून राह्यली. मी तो व्हिडिओ पुसला. त्याच्या कमरेचा करदोडा सोडला, पोरीले बांधला, अन् तिचाच दोनदा काढला. एकदा करदोड्यासकट, एकदा बिगर करदोड्याचा.

तुले आठवते का, मी बारावीत इंग्रजीत राह्यली होती. पाहाले येणारा हरएक जण पहिले तेच विचारे, "नापास आहे म्हणे?" बाकीच्या पाच विषयाचं कोणी विचारलं नाही. मले वाटलं, माह्या पोराच्या माथ्यावर तीन महिन्यातच तो शिक्का कायले? एकदा पास झाला का झालं. मागून शिकून घेईन. आपण सगळेच मागून शिकतो.

तो अजून मान धरत नाही. सोनू रांगते. घरच्याईले म्हणते, जुळ्यातलं एक मागंपुढं होतेच. सासूबाई चिंतामणीले नवस बोलल्या. कायचा, ते सांगत नाही, मीबी विचारत नाही. अमर म्हणते, रिपोर्ट चांगला आला ना, मंग झालं. माह्याच खोट्याचा दाखला तो मलेच देते.

कोणाले सांगू नको. अमरले नाही, सासूबाईले तर मुळीच नाही. फक्त एवढं सांग, माह्या हातानं त्याचं किती गेलं?

अर्पिता


घाटंजी
३ जुलै

ताई,

आधी मी एक पत्र लिहिलं, ते फाडलं. त्यात राग होता. मग माझंच मार्चमधलं वाक्य आठवलं आणि त्याच्याही आधीचं, जानेवारीतलं. "पास होतीलच." तो शब्द मी आणला, ताई. तू फक्त ऐकलास.

ती परीक्षा नव्हती. कोणत्या बाळाला आधी हात द्यायचा एवढंच त्यातून पाहायचं होतं. हे मी तेव्हा असं लिहायला हवं होतं.

किती गेलं, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. उशीर झाला, हे मी खोटं बोलून झाकणार नाही. पण सगळं संपलेलं नाही. यवतमाळला व्यायामाचं केंद्र आहे, तिथल्या बाईंशी मी बोलले, तुझं नाव न घेता. मंगळवारी नवी बाळं पाहतात. बसवणं, वळवणं, मूठ उघडणं, सगळं घरी रोज करायचं असतं. एकटीनं लपून होणारं ते काम नाही.

म्हणून सांगते, मी कोणाला सांगणार नाही, पण तू सांग. तू हो म्हणालीस तर सांगशील त्या दिवशी मी कळंबला येईन. कसं सांगायचं ते मात्र मला ठाऊक नाही.

वैष्णवी


कळंब
२४ जुलै

वैष्णू,

तुले यायची गरज नाही पडली.

रविवारी सगळे घरी होते. चहा झाला, मी मधल्या खोलीत गोधडी हातरली. श्रावणले ठेवलं, बाजूले सोनूले ठेवलं. दोघाईले नुसती लंगोट. अमर अन् सासूबाईले म्हटलं, इकडे पायाशी बसा. तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही. टाळी नाही, हाक नाही. फक्त पाहाचं.

अमर म्हणे, "काय नाटक आहे? पेरणी झाली म्हणून आमचा टाइम पास करतं का?"

म्हटलं, "बसा तं खरं."

सोनू कुठी उताणी राहते आता! फटकन पलटली अन् रांगत अमरच्या कपबशीकडे. सासूबाई तिले उचलाले गेल्या. म्हटलं, "जाऊ द्या तिले. तिले पाहा, अन् मंग याले पाहा."

मंग कोणी बोललं नाही. श्रावण तसाच होता. पायाची कैची, मुठी छातीशी. पण बहीण चालली ना, तवा त्याचे डोळे तिच्यामागं गेले. ती कपापाशी पोचली, बशी वाजली, अन् तो हासला. खदखदून. मान वळाले पाहे, वळेना. नुसते डोळे जात होते तिच्यामागं, अन् हासत होता. वैष्णू, तू सांगतलतं फक्त बघाचं. बघणं इतकं अवघड असते हे तू नाही सांगतलं.

अमर उठला. "मले नाही पाहवत," म्हणे.

सासूबाई म्हणे, "बस. त्याचे पाय नाही हालत, तुहे हालतात, म्हणून निघून जाशीन काय?"

बसला.

मंग मी सांगतलं. करदोड्याचं, दोन व्हिडिओचं, सगळं. सांगताना भिंतीकडे पाहून सांगतलं.  सासूबाईनं श्रावणले मांडीवर घेतलं, त्याचा अंगठा हळूच मुठीतून सोडवाले लागल्या. म्हणे, "संक्रांतीपासून माह्या हाताले लागून राह्यलं. न्हाऊ घालते मी त्याले. तुले समजलं नाही असं वाटलं, म्हणून बोलली नाही. तुह्या अंगावर दोन दोन लेकरं. दूध आटन म्हटलं."

दोघीनं एकाच घरात एकमेकीपासून एकच गोष्ट लपवली. अन् त्याचे दिवस जात राह्यले.

अमर त्याच पावली वावरात गेला. अजून माह्याशी धड बोलत नाही. बोलन का, माहीत नाही. काल मी ताट वाढलं, तं म्हणे, "रिपोर्ट चांगला आला म्हणून मी गावभर सांगतलं होतं." एवढंच. त्याचा राग खरा आहे, मी त्याले काय म्हणू?

मंगळवारी सासूबाई अन् मी यष्टीनं यवतमाळले गेलो. दोघाईले घेऊन. सोनूले घरी ठेवणार होतो, पण ती नसली का श्रावण कुठीच पाहत नाही. तिथल्या बाईनं त्याले लोडावर पालथं टाकलं. लय रडला. मंग सोनूले समोर बसवलं, तं ओठ थरथरत, लाळ गाळत, त्यानं मान वर केली. बोटभर. पडली परत. बाईनं विचारलं, "आधी कुठे दाखवलं होतं?" मी खरं सांगतलं. तिनं लिहून घेतलं, काही बोलली नाही. बोलली असती तं बरं झालं असतं.

ती म्हणे, चालन का ते आज सांगता येत नाही. बसवू, मंग पुढचं पाहू. सासूबाई बसस्टँडवर म्हणे, "चालला नाही तं नाही. मी हाओ तवर मांडी आहे." मंग पदर तोंडाले लावून रडल्या. त्याईले रडताना मी सासरे गेले तवाच पाह्यलं होतं.

आता एक काम कर. तो व्हिडिओ तुम्ही शिकवताना दाखवता ना, श्रावणचा म्हणून. त्याच्यावरून त्याचं नाव काढ. ते त्याचं नाही. पोरीचं आहे, पोरीले दे. जन्मल्यापासून तिची बिचारीची कोणी चौकशी केली नाही, अन् लागली तवा भावाच्या जागी निजवली.

तुही ताई,
अर्पिता


घाटंजी तालुका
१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

सोनूचं सोनूला दिलं. मागच्या आठवड्यात प्रशिक्षण झालं, तिथे व्हिडिओ लावताना मी म्हणाले, "ही सोनू." करदोडा पाहून एक आशाताई म्हणाल्या, "पोरगा दिसते." मी म्हणाले, "नाही. पोरगीच आहे." भैरवी मॅडमना मी सगळं कळवलं, तुला विचारूनच, फोनवर तू "हो" म्हणालीस त्या दिवशी. त्यांनी जानेवारीचा आपला अहवाल पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, "इतकं साम्य. मी स्वतः लिहिलं होतं ना?" श्रावणच्या नावापुढची जानेवारीची जागा आता कोरी आहे.

तुझी आठवण ठेवून मी एक काम काढलं. ज्या घरांनी आपापलेच व्हिडिओ काढून पाठवले होते, त्या घरी परत जायचं. आमचे वरिष्ठ म्हणाले, "सगळे अहवाल चांगले आलेत, उगाच कशाला उकरता?" मी म्हणाले, "चांगले आलेत म्हणूनच." त्यांनी कामाचे दिवस दिले नाहीत. मी रजा टाकली.

पहिल्या काही घरांत सगळं ठीक होतं. चहा घेतला, बाळं पाहिली, निघाले. मला थोडी लाजच वाटू लागली होती. काल एका घरी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. बाळ तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं, आईच्या खांद्यावर. ती पाणी द्यायला मला आत घेऊन गेली, दाराची कडी लावली आणि म्हणाली, "ताई, ते या लेकराचं नव्हतं. थोरल्याचं होतं. मोबाइलमंधी पडून होतं तीन वर्षांपासून, तेच पाठवलं." मग माझ्याकडे बघत उभी राहिली, मी आता काय बोलते याची वाट पाहत.

मार्चमध्ये जे तुला लिहिलं होतं, ते मी तिला बोलले नाही. मी खाली बसले. तिला म्हणाले, माझी एक बहीण आहे. नाव सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. सासूबाईंच्या मांडीचंसुद्धा. ती ऐकता ऐकता रडू लागली आणि रडता रडताच तिनं गोधडी काढली.

तीन मिनिटं आम्ही दोघी बोललो नाही. बाहेर शेळी ओरडत होती तेवढीच. काय दिसलं ते मी लिहीत नाही. ते सांगणं माझं काम नाही, आणि एकदा घाई करून मी पाहिलं आहे. पण या बाळाचे ते दिवस अजून सरलेले नाहीत, ताई. श्रावणचे जे गेले, ते या पोराच्या हातात अजून आहेत. हे तुला लिहू की नको, याचा मी खूप विचार केला. तुला दुखेल. तरी तुलाच आधी कळायला हवं असं वाटलं.

तू पहिल्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही. काल या बाईनंही तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत. म्हणाली, "उत्तर वाईट आलं तं तुम्ही फोनवर सांगसान का?"

व्हिडिओ त्याच्याच नावानं कालच पुण्याला गेला. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस लागतील. माझी पिशवी मी खुंटीला अडकवली आहे, रात्री तिच्या सासूशेजारी निजले होते. हे पत्र मी तिच्याच ओसरीवर बसून लिहिते आहे.

तुझी,
वैष्णवी